आज तिथी कोणती?

गेल्या अंकात हरिहरेश्वरच्या मोठ्या प्रदक्षिणेबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्या ओळी अशा होत्या: आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, पुन्हा काळभैरवाचं. देवळामागच्या पायऱ्यांनी डोंगर चढा, दोन कड्यांमधल्या फटीतून पलीकडे समुद्रावर उतरा, आणि ओहोटी असेल तरच खडकावरून वळसा घालून परत या. 'ओहोटी असेल तरच' हे तीन शब्द बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटलेले दिसतात. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या तीन शब्दांवर.

प्रश्न : नमस्कार बाई. माझ्या आईचं वय ७२. भावाच्या आजारपणात तिने हरिहरेश्वरची मोठी प्रदक्षिणा बोलली होती, ती राहिली आहे. आम्ही कार्तिकी पौर्णिमेला जायचं ठरवलंय. नाशिकहून पहाटे चारला निघून दुपारी बारापर्यंत पोचू. दर्शन, प्रदक्षिणा, जेवण आणि संध्याकाळी परत. व्हिडिओत प्रदक्षिणेला पाऊण तास लागतो असं दाखवतात. आईला जमेल ना?
– नाशिकची एक लेक

लेकी, तुमचा बेत वाचून माझ्या पोटात गोळा आला. आईच्या वयाकडे नंतर येऊ, आधी तुमच्या बाराकडे बघू.

पौर्णिमा आणि अमावास्या या दोन दिवशी आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते, आणि तीही साधी नाही, उधाणाची. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत आले की पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि एरवीपेक्षा खाली उतरतं. ज्या खडकावरून तुम्ही आईला हाताला धरून नेणार आहात, तो त्या वेळी पाण्याखाली असेल. फटीतून खाली बघाल तर वाट दिसणारच नाही, फेस दिसेल. आणि दर पौर्णिमेला, दर होळीला, नेमकी बाराला लोकांची रांग त्या फटीशी लागलेली असते, कारण सकाळी घरून निघालेला माणूस दुपारी पोचतो.

आता हिशेब शिका. हा मला भूगोलाच्या कुठल्या पुस्तकाने दिला नाही, सासूबाईंनी दिला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. पंचमीला पावणेचार. एकदा दुपारी, एकदा रात्री. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि सव्वासहा तास नंतर ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून. भिंतीवरचं कुठलंही मराठी कॅलेंडर यासाठी पुरतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला पाणी कधी येणार हे मोबाइल सांगतो, आमच्याकडे दळण दळताना सांगायचे.

सासूबाई बोटांची पेरं अंगठ्याने मोजायच्या. करंगळीच्या मुळापासून सुरुवात, प्रत्येक पेराला पाऊण. मळलेल्या पिठाचा हात असला तर पेरांवर पांढरे ठिपके उमटत जायचे आणि शेवटचा ठिपका पडला की उत्तर. 'अष्टमी? सहा नि थोडं. एकादशी? सव्वाआठ नि थोडं.' हे 'नि थोडं' त्यांच्या तोंडची सवय आहे असं मी धरून चालले होते. मी बी.ए., बी.एड., भूगोल. त्या निरक्षर.

१९८१ साली, लग्नाचं पहिलं वर्ष. शुद्ध षष्ठी होती आणि रविवार. त्या म्हणाल्या, 'सूनबाय, नवाला उतर, अकराच्या आत वर ये.' मी धुणं उरकलं, पेपर तपासले, वर जेवले. साडेबाराला फटीतून खाली उतरले तेव्हा खडक मोकळा होता, कुठे कुठे डबकी, आत बोटभर मासे. मजेत चालले. निम्म्या वाटेवर दोन खडकांच्या मध्ये एक घळ आहे, एरवी ती उडी मारून ओलांडता येते. मी पोचले तेव्हा तिच्यात पाणी येत होतं आणि जात होतं. मी जायची वाट बघितली, उतरले, आणि मधोमध असताना ते आलं. गुडघ्यापर्यंत दिसलेलं पाणी कमरेला लागलं. डाव्या पायातली चप्पल गेली. समोरच्या खडकाला हात घातला तो कालवांच्या धारदार शिंपल्यांवर, तळवा फाटला. वर चढले आणि मागे वळून पाहिलं तर आलेली वाट नव्हतीच. पुढे जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढेही पाणी आत येतंच आहे.

वाळूवर पोचले तर सासूबाई बसलेल्या. शेजारी कोरडं लुगडं घडी करून ठेवलेलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, 'षष्ठीची पाऊणकी किती?'

'साडेचार.'

'मग?'

मग काहीच नाही. साडेचारला भरती म्हणजे सव्वादहाला ओहोटी, म्हणजे मी उतरले तेव्हा पाणी वळून दोन तास झाले होते. वळल्यावर पहिल्या तासात पाणी आळशी असतं, दुसऱ्यात उठतं, तिसऱ्या-चौथ्यात धावतं. पूर्ण भरतीचं जवळजवळ निम्मं पाणी त्या मधल्या दोन तासांत येतं. मी नेमकी त्या तासांत घळीशी होते. हे पुढे ३१ वर्षं मी आठवीच्या वर्गाला परातीत पाणी हलवून शिकवलं. हातावरचा व्रण बघायला पोरं रांग लावायची.

तर तुमच्यासाठी. कार्तिकी पौर्णिमेच्या दोन्ही ओहोट्या सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. सकाळची संपते तेव्हा उजाडायचं असतं, संध्याकाळची पूर्ण होते तेव्हा अंधार पडलेला असतो. तरणीताठी माणसं पहाटेच्या उजेडात पटकन जाऊन येतात. आईला घेऊन नाही. पौर्णिमेचं दर्शन तेवढं करा, आणि प्रदक्षिणेला वद्य तृतीया धरा. त्या दिवशी ओहोटी साडेआठच्या आसपास, आणि उधाणाचे दिवस नुकतेच मागे पडलेले असल्यामुळे पाणी छान लांब जातं. आदल्या रात्री गावातच मुक्काम करा. घरगुती खोल्या भरपूर आहेत, मोदक सांगून ठेवले तर मिळतात. सकाळी पावणेसातला चढायला लागा. पाणी अजून उतरत असतानाच निघायचं आणि ते वळायच्या आत वाळूवर यायचं, हा नियम. पाऊण तास व्हिडिओतल्या पोरांना लागतो. आईला दीड तास धरा.

आणि दुपारच्या ओहोटीचा मोह नको. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी बारा-एकला येते, गाडीने येणाऱ्यांना फार सोयीची. पण ते भांगाचे दिवस. भांगात पाणी चढतही नाही फार आणि उतरतही नाही फार. घड्याळात ओहोटी असते, खडकावर नसते.

आता आई. चढ तिला जमेल, थांबत थांबत. अडचण उताराची आहे. फटीतल्या पायऱ्या उंच, अरुंद आणि दोन्ही बाजूंना कडा. वारा तिथून असा घुसतो की पदर कमरेला खोचावा लागतो. गुडघे धरून उतरणाऱ्या माणसाने मागे पुढे एकेक जण ठेवायचा. खाली खडकावर शेवाळ, हिरवं असेल तिथे पाय द्यायचा नाही, काळ्या खरबरीत खडकावर द्यायचा. पायताण घट्ट, पट्ट्याचं. 'देवाची प्रदक्षिणा अनवाणी' असं आई म्हणेल. तिला माझा तळवा दाखवायला पाठवून द्या.

आणि फटीच्या तोंडाशी जाऊन तिला वाटलं की नको, तर ओढू नका. वर डोंगरावर बसून समुद्र बघू दे, देवळाभोवती प्रदक्षिणा घालू दे आणि मोठी तिच्या नावाने तुम्ही घाला. माझ्या सासूबाईंनी शेवटची सात वर्षं माझ्याकडून अशीच घालून घेतली. निघण्याआधी देवळापाशी फुलं-नारळ विकणाऱ्या बायकांना विचारा, 'आज सुकती कधी?' ओहोटीला इथे सुकती म्हणतात. हा शब्द वापरलात की उत्तर देणारीचा सूरच बदलतो.

प्रश्न : बाई, खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसली. गाइड म्हणाला, ती ऋषींनी तपाच्या वेळी पाडली. माझ्या मुलीने विचारलं, 'इतकी कशाला?' मला उत्तर देता आलं नाही.
– कोल्हापूरचा एक बाप

मुलगी हुशार आहे. तिला विचारा, तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीला लोणा लागलाय का? रंगाचे पोपडे सुटतात, खालून पांढरी भुकटी येते, विटेचा भुगा होतो. तेच इथे कड्याला झालंय.

हा खडक काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, सह्याद्रीचाच सगा भाऊ. लाटेचे तुषार त्याच्या बारीक रंध्रांत शिरतात. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. मिठाचा खडा वाढायला जागा मागतो आणि कणाकणाने दगड फोडतो. एकदा खळगा पडला की त्यात सावली, त्यात ओल जास्त वेळ, त्यात मीठ जास्त, म्हणून तो आणखी खोल होतो. मधल्या भिंती तेवढ्या टिकतात. म्हणून पोळं.

ज्या सपाट खडकावरून तुम्ही चाललात तोही समुद्रानेच घासलाय. लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटतात, पायथा पोखरतो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरतो, आणि जिथे तो पूर्वी होता तिथे हा ओटा उरतो. पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. दहावीच्या पेपरात आकृतीला गुण असायचे आणि शेकडो मुलांनी तो मंच काढलाय ज्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जिथे दगड-गोटे खळग्यात अडकून लाटेबरोबर गरगर फिरतात तिथे रांजणखळगे. मुलीला पुढच्या वेळी त्यातला गोटा हातात घ्यायला सांगा, अंड्यासारखा गुळगुळीत असतो. बघून झाल्यावर परत तिथेच ठेवायचा, त्याचं काम चालू आहे.

गाइडला रागावू नका. गायत्रीतीर्थ, चक्रतीर्थ अशी नावं या खडकातल्या कुंडांना दिलेली आहेत, ती त्याच वाटेवर लागतात. नावांमुळेच वाट इतकी वर्षं चालती राहिली. फक्त 'कशाला' विचारणाऱ्या मुलीला दोन्ही उत्तरं मिळाली पाहिजेत.

प्रश्न : १५ ऑगस्टला जोडून सुट्टी होती म्हणून आम्ही आठ जण ठाण्याहून गेलो. फटीच्या वर एका माणसाने दोरी बांधून अडवलं. खाली स्पष्ट खडक दिसत होता, चक्क ओहोटी होती. आम्ही तुमच्या तिथीचाच हिशेब केला होता! एवढा खर्च करून यायचं आणि असं अडवायचं, हे योग्य आहे का?
– ठाणे

त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

तिथीचा हिशेब पाण्याची पातळी सांगतो, लाट सांगत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी लाट शेकडो मैल वाऱ्याचा मार खाऊन आलेली असते. दहा मिनिटं खडक कोरडा दिसेल आणि अकराव्या मिनिटाला जी येईल ती कड्याला लागून परत फिरेल. परत फिरणारी लाट माणसाला नेते, येणारी नव्हे. या वाटेवरून माणसं वाहून गेलेली आहेत, आणि त्यातली काही समुद्राकडे पाठ करून फोटोला उभी होती. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि त्यानंतरही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी माणसं होडी पाण्यात ढकलत नाहीत. जे समुद्रावर पोट भरतात त्यांना तो वर्ज्य, आणि तुमचे आठ जणांचे खोलीचे पैसे वाया जातात म्हणून तुम्हाला खुला? जून ते सप्टेंबर मोठी प्रदक्षिणा नाही. पुढचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या आजोबांचं बालपण श्रीवर्धनात गेलं. ते सांगायचे की पोरं हरिहरेश्वर करून तशीच चालत खाडीपलीकडे बाणकोट-वेळासला जात. आता जाता येईल? फेब्रुवारीच्या शेवटी मी न्यू जर्सीहून येतोय, बरोबर दोन किशोरवयीन मुलं.

येईल, आणि पोरांना घेऊन जरूर जा. आजोबा श्रीवर्धनचे म्हणजे त्यांनी भटांच्या वाड्याच्या गोष्टी सांगितल्या असणार. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट तिथलेच, आणि हरिहरेश्वर त्यांचं कुलदैवत.

सकाळी प्रदक्षिणा उरका. ती उरकल्यावर बागमांडल्याचा रस्ता धरा, तासाभराची चाल आहे. तिथे सावित्री समुद्राला मिळते, महाबळेश्वरला उगम पावलेली तीच सावित्री. इकडचा काठ रायगड जिल्हा, समोरचा रत्नागिरी. बागमांडला ते वेश्वी फेरीबोट चालते, गाड्याही नेते, पण तुम्ही पायी असलात तर पुढे कठड्याला उभं राहायला मिळतं. आजोबांच्या वेळी ही बोट नव्हती, होडीतून जात. पलीकडे वेश्वीपासून खाडीच्या काठाकाठाने बाणकोट. किल्ल्यावर चढा. इंग्रजांनी तो अठराव्या शतकाच्या मध्याला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वरून मागे बघितलंत तर सकाळी ज्या डोंगराला वळसा घातला तो पूर्ण दिसतो, आणि मुलांच्या लक्षात येतं की आपण किती चाललो. किशोरवयीन मुलांना मागे बघायला लावणं सोपं नाही, पण इथे बघतात.

वेळास नाना फडणवीसांचं गाव. हल्ली मात्र लोक कासवांसाठी येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, फेब्रुवारी अखेरीपासून ती समुद्रात सोडताना बघता येतात. रोज येतीलच असं नाही. त्या संध्याकाळी एकही आलं नाही तर मुलांनी तोंड पाडू नये, गावात घरी जेवून झोपावं आणि सकाळी सहाला पुन्हा यावं. उन्हात सगळं चालणार असाल तर पाणी जवळ ठेवा. बागमांडला सोडल्यावर सावली नाही.

आणि एक पत्र, ज्यात प्रश्न कमी आणि कानउघाडणी जास्त आहे.

'बाईंना सप्रेम. मी ४० वर्षं लाँचवर खलाशी होतो, आता दाभोळला घरी असतो. तुम्ही गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात पाऊणकीचा हिशेब छापलात. त्याने पौर्णिमेची भरती काढा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाणी तर बाराला येतं. मधला पाऊण तास तुम्ही कुठे ठेवलात?'

खलाशीदादा, सापडले. परातीत पाणी हलवण्याच्या नादात ३१ वर्षांत हा ताळा मी एकदाही घेतला नाही.

तुमचं पत्र आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. तीस तिथ्यांत भरतीची वेळ चोवीस तास फिरून पुन्हा जागेवर येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं, पाऊण तास म्हणजे ४५ नव्हे. तीन मिनिटांचा फरक. चतुर्थीला तो बारा मिनिटं होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. अष्टमीला २४ मिनिटं होतो आणि पौर्णिमेला पाऊण तास. त्यात पुन्हा पाणी रोज सारखं सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत ते ४८ पेक्षा कमी सरकतं, भांगात तासाभरानेसुद्धा. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरचे चार-पाच दिवस पाऊणकी तंतोतंत चालते आणि सप्तमीनंतर तिच्यावर अर्धा तास चढवावा लागतो. वाचकहो, दिवाळी अंक काढून समासात ही दुरुस्ती लिहून ठेवा. नाशिकच्या लेकीच्या तृतीयेला धक्का लागत नाही.

हा हिशेब संपवून पेन्सिल खाली ठेवली तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. मग आठवलं. सासूबाई पंचमीला नुसतं 'पावणेचार' म्हणायच्या. चतुर्थीला नुसतं 'तीन'. 'नि थोडं' त्या लावायच्या ते अष्टमीला आणि एकादशीला.